कोणते रेगे?

ऑगस्टमधील आठवडाभराच्या गैरहजेरीनंतर मी ग्रंथालयात पुस्तके परत करण्यास गेले, तेव्हा मराठी विभागातील आमच्या सरांनी विचारले, "कुठे होतीस इतके दिवस?" मी म्हटले, "सर, स्पेनला गेले होते. तिथे रेगे महोत्सव होता." सरांचा चेहरा उजळला. "अरे वा! पु. शि. की मे. पुं.?"

सर थट्टा करीत होते की खरोखरच विचारीत होते, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. पण त्यांचा दोष मुळीच नाही. मराठी माणसाला 'रेगे' म्हटले की कवी आठवावा, तत्त्वज्ञ आठवावा, निदान एखादा शेजारी तरी आठवावा, हे साहजिकच आहे. आणि ज्या तरुण मंडळींना या नावाचे एक संगीत आहे हे ठाऊक असते, त्यांची ओळखही बहुधा टी-शर्टावरील बॉब मार्लीच्या जटांपर्यंत जाऊन थांबते. मीही त्यांतलीच होते. तेव्हा सरांना त्या दिवशी उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते या अंकाच्या निमित्ताने लिहून काढीत आहे.

प्रथम मी तेथे पोहोचले कशी, हे थोडक्यात. माझी मावशी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील कास्तेयोन या शहरी राहते. गुजरातेत मोरबी, तसे स्पेनमध्ये कास्तेयोन. लाद्या आणि फरशा यांचा सारा धंदा त्या भागात एकवटलेला आहे व माझे काका त्याच धंद्यात आहेत. कास्तेयोनपासून तेरा-चौदा किलोमीटरवर समुद्रकाठी बेनिकासिम नावाचे एक लहानसे गाव आहे. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके डोंगर आणि मध्ये सुट्टीसाठी आलेल्या लोकांची घरे. या गावाबाहेरच्या मैदानावर २०१० पासून ऑगस्टमध्ये 'रोटोटॉम सनस्प्लॅश' हा महोत्सव भरतो. सुमारे आठवडाभर चालणाऱ्या या महोत्सवाला येणाऱ्यांची दिवसावार बेरीज आयोजकांच्या हिशेबाप्रमाणे अनेक वर्षी दोन लाखांच्या पुढे गेली आहे. रेगे संगीताचे जे मोठे मेळे युरोपात भरतात, त्यांत याची गणना अगदी वरच्या रांगेत होते. २०२३ च्या ऑगस्टात मी मावशीकडे गेले होते. तीन दिवस आम्ही संध्याकाळी जात होतो आणि रात्री, खरे म्हणजे पहाटे, परतत होतो. पासपोर्ट, व्हिसा वगैरेंची कथा सांगत बसत नाही. ती सर्वांची सारखीच असते.

मावशीला सोबत घ्यावे लागेल याची मला आधी थोडी चिंताच होती. "अगं, तिथे सगळी गर्दुल्ली पोरं असतील," हे तिचे पहिले वाक्य. प्रत्यक्षात प्रवेशद्वाराशीच तिचा अंदाज निम्मा खोटा ठरला. लहान मुलांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना तेथे तिकीट नाही. त्यामुळे बाबागाड्या ढकलणारी जोडपी, नातवंडांचे हात धरलेले आजीआजोबा, असा सगळा लवाजमा आमच्यापुढे रांगेत होता. माझा आठ वर्षांचा मावसभाऊ मुलांसाठी राखलेल्या भागात जो रमला, तो जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही. मावशीचा उरलेला निम्मा अंदाज मात्र खरा होता. त्याकडे पुढे वळेन.

मैदानावर एकच रंगमंच असतो अशी माझी समजूत होती. तसे नाही. एक मुख्य रंगमंच आहे. तेथे रात्री मोठे गायक गातात. त्याहून लहान 'लायन स्टेज' आहे. 'डब' संगीतासाठी स्वतंत्र जागा आहे. तिच्याविषयी मला अधिक सांगायचे आहे. या सर्वांच्या जोडीला व्याख्यानांचे मंडप आहेत. एकाला चक्क 'रेगे युनिव्हर्सिटी' म्हणतात. तेथे रात्री गाणारा गायक संध्याकाळी खुर्चीवर बसून आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयी बोलतो, कोणी संशोधक त्याला प्रश्न विचारतो, श्रोते टिपणे घेतात. दुसऱ्या मंडपात स्थलांतरित, युद्धे, हवामान, वंशभेद अशा विषयांवर परिसंवाद झडतात. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, तसा काहीसा हा प्रकार. पूर्वरंगाला गर्दी कमी असते, हेही आपल्यासारखेच!

आता मूळ प्रश्न : रेगे म्हणजे काय? त्यासाठी स्पेन सोडून जमैकाला जावे लागेल. कॅरिबियन समुद्रातील हे बेट लोकसंख्येने आपल्या सांगली जिल्ह्याएवढे, म्हणजे अठ्ठावीस लाखांच्या आसपास. १६५५ पासून तेथे इंग्रजांचे राज्य होते. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले जात. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपली आणि ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. या स्वातंत्र्याच्या आगेमागे राजधानी किंग्स्टनमधील गरीब वस्त्यांत जे संगीत तयार होत होते, त्याचेच पुढे रेगे झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या संगीताचा जन्म वाद्यवृंदात झाला तेवढाच कर्ण्यांत झाला. १९५० च्या दशकात श्रीमंतांच्या क्लबात जिवंत वादकांचा ताफा असे; गरीब वस्तीतल्या लोकांना तो परवडण्याजोगा नव्हता. तेव्हा काही कल्पक माणसांनी तबकडी वाजविण्याचे यंत्र, मोठाले ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढ्या खोक्यांतले कर्णे जमवून उघड्या अंगणात नाच सुरू केले. या संचाला 'साउंड सिस्टीम' म्हणतात. क्लेमंट 'कॉक्सन' डॉड, ड्यूक रीड, प्रिन्स बस्टर ही त्यांतील गाजलेली नावे. अमेरिकेतून आणलेल्या नव्या तबकड्या वाजवून प्रतिस्पर्ध्याला हरविणे हा त्यांचा खेळ. पुढे तबकड्या पुरेनात, म्हणून त्यांनी स्वतःच गाणी मुद्रित करण्यास सुरुवात केली. त्यातून आधी 'स्का' नावाचे वेगवान संगीत आले, १९६६ च्या सुमारास ते संथ होऊन 'रॉकस्टेडी' झाले आणि १९६८ मध्ये आणखी निराळी चाल धरून 'रेगे' झाले. त्याच वर्षी टूट्स अँड द मेटाल्स या त्रयीच्या एका तबकडीच्या नावात हा शब्द प्रथम छापला गेला.

ही चाल म्हणजे काय, हे ज्याला थोडा तबला येतो त्याला सांगणे सोपे आहे. चार मात्रांचे आवर्तन धरा. आपल्या मनाची सवय अशी की पहिल्या मात्रेवर, समेवर, सगळे वजन पडावे. रेगेतील 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात नेमकी पहिली मात्राच गाळलेली असते! ढोलाचा मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर येतो आणि गिटार दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तोडून तोडून वाजते. जेथे आपण टाळी देण्यास हात उचलतो, तेथे पोकळी. रूपक तालात समेवरच खाली असते, त्याची मला आठवण झाली. या पोकळीतून खर्जातले गिटार, ज्याला 'बेस' म्हणतात, ते सावकाश फिरत राहते. गाण्याची खरी चाल पुष्कळदा तेच म्हणत असते. पहिल्या रात्री माझे पाय सारखे चुकत होते. दुसऱ्या रात्री मी मोजणे सोडून दिले, तेव्हा जमले.

आता 'डब'विषयी. किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेला ऑस्बोर्न रडॉक हा मुळात रेडिओ व ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूस त्याच गाण्याची गायकाविना आवृत्ती देण्याची तेथे पद्धत पडली होती. टबीने ती कला करून टाकली. तो मुद्रणयंत्रावर बसून कधी गिटार काढून घेई, कधी आवाजाचा एखादा तुकडा प्रतिध्वनीत बुडवी, कधी नुसता ढोल आणि बेस ठेवी. म्हणजे जे गाळले त्याने गाणे घडवायचे. या मोकळ्या आवृत्तीवर यू-रॉयसारखे लोक ध्वनिक्षेपक हाती घेऊन यमके जुळवीत बोलत. हीच अंगणातली रीत किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या कूल हर्कने न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात नेली आणि ११ ऑगस्ट १९७३ च्या त्याच्या एका मेजवानीपासून हिप-हॉपचा इतिहास सांगितला जातो. आज आपल्या मुंबईतील पोरे जे रॅप करतात, त्याचे पणजोबा असे एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या दुकानात सापडतात.

बेनिकासिमच्या डब विभागात रंगमंच नाही. मैदानात कर्ण्यांच्या काळ्या भिंती उभ्या केलेल्या, आणि लोक तबकडी लावणाऱ्याकडे न पाहता या भिंतींकडे तोंड करून नाचतात. भिंती म्हटल्यावर आपल्याला मिरवणुका आठवतील. मलाही आठवल्या, आणि मी कानांत कापूस घालूनच आत गेले. पण अनुभव वेगळा होता. आवाज प्रचंड खराच. खर्जाचा स्वर कानाआधी बरगड्यांना लागतो. तरी त्यात कर्कशपणा नव्हता, आणि मुख्य म्हणजे एक गाणे संपले की तबकडी उलटेपर्यंत शांतता असे. एकच तबकडीयंत्र! त्या शांततेत माणूस दोन शब्द बोले, लोक हसत, आणि मग पुन्हा सुई टेकली जाई. आपल्या मिरवणुकीत ती शांतता कोणी ठेवील तर निम्मे भांडण मिटेल, असे काका म्हणाले. काकांना मिरवणुकीचा जुना राग आहे.

आणि आता मावशीच्या उरलेल्या निम्म्या अंदाजाकडे वळते. वाऱ्याबरोबर एक वास येत होता. मावशीने नाक वर करून म्हटले, "हा वास मला ठाऊक आहे. आमच्या गावच्या मठामागे यायचा." तिने ओळखले ते बरोबरच होते, आणि गंमत अशी की त्या वस्तूचे नाव तिला तेथे कोणासही भाषांतर करून सांगावे लागले नसते. जमैकात तिला गांजाच म्हणतात. १८४५ मध्ये हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांचे पहिले जहाज जमैकाला लागले आणि त्यानंतर १९१७ पर्यंत छत्तीस हजारांच्या आसपास माणसे तेथे गेली, बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातील. त्यांच्याबरोबर हा शब्दही गेला. १९३० मध्ये इथिओपियाच्या गादीवर आलेल्या सम्राट हैले सेलासी यांना देवत्व देणारा जो 'रास्ताफारी' पंथ जमैकातील गरीब कृष्णवर्णीयांत उभा राहिला, त्याने गांजाला धर्मसाधनेत स्थान दिले. त्या पंथाच्या जटाही आपल्या साधूंवरून आल्या असे काही अभ्यासक मानतात. इतरांना ते मान्य नाही. रेगेच्या शब्दांवर या पंथाचा खोल ठसा आहे : 'बॅबिलॉन' म्हणजे अन्यायी सत्ता, 'झायन' म्हणजे वचनातील भूमी, आणि मधल्या काळात वनवास. जमैकाच्या सरकारने मात्र १९१३ मध्येच गांजावर बंदीचा कायदा केला होता आणि रास्ताफारी लोकांनी त्यापायी पुष्कळ मार व तुरुंग सोसला. अल्प प्रमाणात तो बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू नये, अशी दुरुस्ती तेथे २०१५ मध्ये झाली.

या गांजापायीच हा महोत्सव स्पेनला आला, हे मला तेथे गेल्यावर कळले. मुळात तो इटलीतला. ईशान्येकडील फ्रिउली प्रांतात १९९४ मध्ये तो सुरू झाला. नावातील 'सनस्प्लॅश' हे जमैकातील माँटेगो बे येथे १९७८ साली जॅरेट पार्कमध्ये सुरू झालेल्या 'रेगे सनस्प्लॅश'वरून घेतले. मार्ली १९७९ मध्ये त्यात गायला होता आणि ११ मे १९८१ रोजी तो वारल्यावर त्या वर्षीचा महोत्सव त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला होता. इटलीतील महोत्सव २००० ते २००९ ही दहा वर्षे ओसोप्पो या गावी भरला. पण येणारे लोक अमली पदार्थ ओढतात आणि आयोजक त्यांना सोय करून देतात, अशा आरोपावरून महोत्सवाच्या प्रमुखांवर खटला भरण्यात आला. आयोजकांनी बाडबिस्तरा उचलला आणि २०१० मध्ये बेनिकासिम गाठले. खटल्यातून प्रमुख पुढे निर्दोष सुटले. पण महोत्सव परत गेला नाही.

माझे मत असे की तो आरोप अन्यायाचा होता. दोन लाख माणसांच्या खिशांत काय आहे याचा जाब मंडप उभारणाऱ्याला विचारायचा, तर आपल्याकडील एकही जत्रा भरणार नाही. पण म्हणजे मंडप उभारणारा कशालाच जबाबदार नाही काय? हा प्रश्न मला त्या तीन दिवसांत सोडीना. कारण रेगे हे नुसते नाचण्याचे संगीत नव्हे. ते बोलणारे संगीत आहे, आणि जो बोलणाऱ्याच्या हाती ध्वनिक्षेपक देतो त्याने पुढे हात झटकून चालत नाही.

याची दोन उदाहरणे देते. पहिले जमैकाचे स्वतःचे. १९९० च्या दशकात रेगेच्या 'डान्सहॉल' या नव्या शाखेत काही गाणी अशी निघाली की ज्यांत समलिंगी माणसांना ठार मारण्याची भाषा होती. दलितांच्या, पिचलेल्यांच्या बाजूने उभे राहिलेले संगीत येथे स्वतःच दुसऱ्याच्या छातीवर उभे राहिले होते. युरोपातील संघटनांनी त्याविरुद्ध चळवळ केली, कार्यक्रम रद्द झाले. २००७ मध्ये काही गायकांनी अशी गाणी गाणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यांतील काहींनी मागाहून सही केल्याचे नाकारले. या वादातले सर्वांत कुप्रसिद्ध गाणे ज्याचे, त्या बूजू बँटनने ते २०१९ मध्ये आपल्या गाण्यांतून काढून टाकले. या चळवळीला 'बाहेरच्यांची ढवळाढवळ' म्हणणारे आजही आहेत. मला ते पटत नाही. जो गाण्याने जग बदलेल असे म्हणतो, त्याने गाण्याने माणूस मरूही शकेल हे मानलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण खुद्द या महोत्सवाचे, आणि ते मला अधिक अवघड वाटते. २०१५ च्या कार्यक्रमात मॅटिस्याहू या अमेरिकन यहुदी रेगे गायकाचे नाव होते. इस्रायलवर बहिष्कार घालण्याचा पुरस्कार करणाऱ्या स्थानिक गटाने त्याच्या नावास हरकत घेतली. दडपणाखाली आयोजकांनी गायकाकडे मागणी केली की पॅलेस्टिनी लोकांच्या स्वतंत्र राष्ट्राच्या हक्काला पाठिंबा देणारे निवेदन जाहीरपणे करावे. त्याने ते केले नाही. कार्यक्रम रद्द झाला. त्यावर मोठे वादळ उठले. स्पेनच्या सरकारने आणि यहुदी संघटनांनी तीव्र निषेध केला. चार-पाच दिवसांतच आयोजकांनी जाहीर क्षमा मागितली आणि त्याला पुन्हा बोलावले. २२ ऑगस्टच्या रात्री तो मुख्य रंगमंचावर आला. समोर काही लोक पॅलेस्टाइनचे झेंडे फडकावीत होते. तो गायला आणि गेला.

मावशीला हे सर्व आठवत होते. त्या वेळी तेथील वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता म्हणे. तिचे म्हणणे, "गाण्यात राजकारण आणूच नये." मी म्हटले, मग रेगेत उरेल काय? ज्या मंडपात आपण दुपारी बसलो होतो तो सबंध राजकारणाचाच होता, आणि पॅलेस्टाइनविषयी बोलण्याचा हक्क त्या मंडपाला आहेच. चूक ती नव्हे. चूक ही की त्या आठवड्यात गाणाऱ्या इतक्या कलावंतांपैकी एकाकडेच प्रमाणपत्र मागितले गेले. तो अमेरिकेचा नागरिक. इस्रायलच्या सरकारात त्याचा हात नाही. त्याने पूर्वी इस्रायलच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली होती, असे हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे होते. तसे असेल तर त्याच्याशी वाद घाला, त्याच्या कार्यक्रमाला जाऊ नका, झेंडे दाखवा. परंतु पट्टीवर उभे करून 'आधी हे म्हण, मग गा' असे एकालाच सांगणे, ही तर 'बॅबिलॉन'चीच रीत झाली. मावशी म्हणाली, "तू फार सोपं करते आहेस. घरं ज्यांची गेली त्यांना विचार." तेही खोटे नाही. परतताना गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो.

मी गप्प होते त्याचे आणखी एक कारण होते, आणि ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

त्याच वर्षी जानेवारीत आपल्या स्नेहसंमेलनाच्या विविध गुणदर्शन समितीत मी होते. एकूण एकतीस नावे आली होती. चित्रपटातील गाणी, लावण्या, दोन नकला, आणि एका विद्यार्थ्याचे जलशातील गाणे. त्याच्या आजोबांच्या जलशाचे, आंबेडकरी परंपरेतले. बैठकीत कोणीतरी म्हणाले, "त्याचे शब्द आधी बघून घेऊ या. उगाच काही व्हायला नको." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. एवढेच नव्हे, तर माझे अक्षर बरे म्हणून 'गीताची प्रत समितीकडे आगाऊ सादर करावी' ही चिठ्ठी मीच लिहिली. बाकीच्या तीस जणांपैकी कोणाकडेही प्रत मागितली नव्हती, लावण्यांचीसुद्धा नाही! तो मुलगा चिठ्ठी घेऊन आला आणि त्याने एकच विचारले, "सगळ्यांना दिली का?" आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. दुसऱ्या दिवशी त्याने नाव मागे घेतले. भांडण नाही, तक्रार नाही. संमेलन छान पार पडले, असे अहवालात छापलेही आहे.

बेनिकासिमच्या आयोजकांविषयी मी मावशीशी तावातावाने बोलत होते, तेव्हा ती चिठ्ठी मला दिसत होती. फरक असलाच तर इतका की त्यांनी क्षमा मागितली, आणि ती पाच दिवसांच्या आत.

शांतीची गाणी गायल्याने शांती येते असा माझा भाबडा समज या वाचनात आणि श्रवणात राहिलेला नाही. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या स्टेडियममध्ये 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट' झाला. तेव्हा जमैकातील दोन राजकीय पक्षांच्या टोळ्या एकमेकांचे मुडदे पाडीत होत्या. गाता गाता मार्लीने पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी नेते एडवर्ड सीगा यांना मंचावर बोलावून दोघांचे हात आपल्या हातात धरून उंचावले. ते छायाचित्र जगभर गेले. मैदानावरील दुकानांत आजही ते विकत मिळते. ज्या दोन टोळीप्रमुखांनी हा कार्यक्रम घडवून आणला, ते दोघेही पुढील दोन वर्षांत मारले गेले आणि १९८० ची निवडणूक होईपर्यंत आठशेच्या आसपास माणसे बळी पडली. व्याख्यानाच्या मंडपात एका वृद्ध जमैकन गृहस्थांनी हे सांगितले. समोरून कोणी विचारले, "मग त्या कार्यक्रमाचा उपयोग काय झाला?" ते म्हणाले, "त्या रात्री कोणी मेले नाही." मग त्यांनी पाणी मागितले.

कोण कोण गायले त्याची जंत्री मी देत नाही. ज्यांना आवड आहे त्यांनी मला गाठावे, मी दोन तास बोलेन. एवढेच सांगते की रेगे म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतात ही समजूत घेऊन कोणी जाऊ नये; मार्शिया ग्रिफिथ्स आणि सिस्टर नॅन्सी यांचे आवाज आधी ऐकावेत. २०१८ च्या नोव्हेंबरात युनेस्कोने जमैकाच्या रेगेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली, हे परीक्षेला विचारणार नाहीत, पण माहीत असावे. आणि स्पेन दूर वाटत असेल तर दिल्लीच्या 'रेगे राजाज्' या मंडळींनी २०१६ पासून गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' भरविण्यास सुरुवात केली, तो पल्ला एका रात्रीच्या गाडीचा आहे. जाणाऱ्याने कानांत घालण्याचे बोळे, पाण्याची बाटली आणि जुनी पादत्राणे न्यावीत. नवी नेऊ नयेत. मी नेली होती.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्या मुलाला उपाहारगृहात गाठले आणि स्पेनची ही सगळी हकिगत सांगितली. चिठ्ठी मी लिहिली होती, हेही सांगितले. ते त्याला ठाऊकच होते. अक्षरावरून त्याने तेव्हाच ओळखले होते. चहा संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो गायक शेवटी गायला ना?"

"गायला."

"किती वेळ?"

ते मला सांगता येईना. तो हसला आणि म्हणाला, "आमचं गाणं अकरा मिनिटांचं आहे. तुमच्या समितीत वेळ पाच मिनिटंच देतात."

या वर्षीच्या समितीपुढे मी दोन अर्ज दिले आहेत. प्रती मागायच्या तर सर्वांच्या मागाव्यात, हा एक. आणि वेळ वाढवून मिळावी, हा दुसरा. पहिला लगेच मंजूर झाला. दुसऱ्यावर अद्याप चर्चा चालू आहे.